इंचाला किती?

दोन फोन शेजारी शेजारी ठेवले की माणूस आधी आकडे वाचतो आणि मग स्क्रीन बघतो. खरं तर उलट करायला हरकत नाही. डोळे स्वतःचे असतात, फुकट असतात आणि शोधायला खिसे चाचपावे लागत नाहीत. पण आकडा आधी वाचला की आपल्याला काय दिसायला हवं ते डोळ्यांना कळतं, आणि डोळ्यांइतका आज्ञाधारक अवयव दुसरा नाही. इंचाला ४४१ पिक्सेल असं खोक्यावर वाचून बघितलं की शेजारचा ३२६वाला फोन धुरकट दिसायला लागतो. खोकी गुपचूप बदलून ठेवली तर धूरही जागा बदलतो.

आमच्या घरात फोन घ्यायचा झाला तर भाच्याला विचारायचं, असा नियम आहे. तो कोणी केला ते कोणालाच आठवत नाही, पण तो मोडणाऱ्याचं पुढे काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. माझ्या थोरल्या चुलतभावाने एका दिवाळीच्या सेलमध्ये स्वतःच्या अकलेने फोन मागवला. भाच्याने तो हातात घेतला, तिरका धरला, उजेडाकडे नेला, परत दिला आणि म्हणाला, "असू दे. तुला चालेल." बस्, एवढंच. तो फोन अजून ठणठणीत आहे, पण मालकाच्या मनातून उतरला तो उतरलाच. आता तो फोन काढताना आधी "जुनाच आहे" असं सांगून टाकतो.

भाचा प्रोसेसर, रॅम, बॅटरी वगैरे पटापट उरकतो. डिस्प्लेपाशी आला की मात्र थांबतो. "मामा, याला नुसती एचडी प्लस दिलीय," असं तो अशा स्वरात सांगतो की कंपनी काच बसवायची विसरली की काय असं वाटावं. मग दुसऱ्या फोनची 'फुल एचडी प्लस' येते, तिसऱ्याची त्याहून वरची येते, आणि घरातली सगळी माणसं माना डोलावतात. यातल्या निम्म्या माणसांनी चष्मे कपाळावर चढवलेले असतात.

आता हा हिशेब आहे तरी काय? स्क्रीन म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. आडवे किती आणि उभे किती यांचा गुणाकार केला की एकूण पिक्सेल मिळतात, आणि इंचभर जागेत किती कोंबले त्यावर अक्षराची धार ठरते. २००० साली आलेल्या नोकिया ३३१०ची स्क्रीन ८४ बाय ४८ ठिपक्यांची होती. सगळे मिळून ४,०३२. एवढ्यात लोकांनी नंबर फिरवले, भांडणं केली, भांडणं मिटवली आणि उरलेल्या वेळात तो साप वाढवला. त्या सापाचं रिझोल्यूशन किती, असं तेव्हा कोणी विचारलं असतं तर घरच्यांनी काळजीने कपाळाला हात लावून बघितला असता. २००७चा पहिला आयफोन ३२० बाय ४८०चा होता, म्हणजे दीड लाखाच्या वर. आणि २०१५ मध्ये सोनीने एक्सपिरिया झेड५ प्रीमियम आणला. त्याच्या साडेपाच इंचांत ३८४० बाय २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके होते. पंधरा वर्षांत चार हजारांवरून जवळपास त्र्याऐंशी लाख! पुण्यातले जागेचे भावसुद्धा इतक्या घाईने वाढले नाहीत, आणि त्यांनी काही कसर ठेवली होती असं नाही.

या शर्यतीला खरी शिट्टी मिळाली ती जून २०१० मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यासपीठावर स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन ४ दाखवला. इंच तेवढेच, साडेतीन. पण ठिपके आडवे दुप्पट आणि उभेही दुप्पट, ६४० बाय ९६०. इंचाला ३२६. आणि वर त्यांनी असं सांगितलं की हातात दहा-बारा इंचांवर धरलेल्या वस्तूत साधारण तीनशेच्या पुढचे ठिपके माणसाच्या डोळ्यातल्या पडद्याला वेगळे दिसतच नाहीत. तोवर कंपन्या आपल्या फोनबद्दल दावे करत होत्या. इथे प्रथमच कोणी गिऱ्हाइकाच्या डोळ्याबद्दल दावा केला.

असं म्हटल्यावर डोळेवाले गप्प बसतात होय? डिस्प्लेची मोजमापं करण्यात हयात घालवलेले रेमंड सोनेरा पुढे आले आणि त्यांनी मांडलं की हे खोटं आहे, डोळा याहून तिखट असतो, बारा इंचांवर ४७७ तरी हवेत. त्यावर फिल प्लेट नावाचे खगोलशास्त्रज्ञ उतरले. हे गृहस्थ हबल दुर्बिणीच्या कामावर होते. त्यांचं म्हणणं पडलं की अगदी कडक नजरेच्या माणसाला धरलं तर सोनेरा बरोबर, पण सर्वसाधारण नजरेला धरलं तर जॉब्ज बरोबर. आकाशगंगा बघायला नेमलेला माणूस साडेतीन इंचांच्या काचेवर न्यायनिवाडा देतोय आणि जग ते मन लावून वाचतंय, हे दृश्य मला फार आवडतं. भाच्याला मी ही हकीकत सांगितली तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, "मग त्याच्याकडे स्वतःचा फोन कुठला होता?"

जॉब्ज आणि सोनेरा या दोघांचं भांडण खरं तर चष्म्याच्या दुकानातल्या तक्त्यावरून होतं. वरचं अक्षर भलंमोठं आणि खाली खाली बारीक होत जाणारा तो तक्ता हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये तयार केला. एका अंशाचे साठ भाग करायचे. त्यातल्या एका भागाएवढी फट ज्याला ओळखता येते त्याची नजर ठीक. आपण 'सिक्स बाय सिक्स' म्हणतो ती हीच. हा हिशेब फोनला लावला तर मोठी गंमत होते. इंचाला १६३वाल्या पहिल्या आयफोनचे ठिपके ठीक नजरेच्या माणसाला हातभर अंतरावरूनही सुटे दिसायचे. ३२६वाल्याचे सुटे दिसायला फोन सुमारे सत्तावीस सेंटिमीटरपर्यंत जवळ आणावा लागतो. ४४१ला वीस सेंटिमीटर. आणि सोनीच्या त्या ८०६च्या चमत्कारातला एक ठिपका वेगळा ओळखायचा तर फोन डोळ्यांपासून अकरा सेंटिमीटरवर यायला हवा. अकरा सेंटिमीटर म्हणजे नाकाच्या शेंड्याशी जवळजवळ सोयरीकच.

आता इतक्या जवळचं स्पष्ट दिसतं कोणाला? शाळकरी पोरांना. फार तर विशीपर्यंत. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होत जातं आणि चाळिशी आली की जवळचं अंतर दर वर्षी थोडं थोडं लांब सरकतं. मग माणूस फोन लांब धरतो, आणखी लांब धरतो, आणि एक दिवस हात कमी पडतो.

सगळ्या स्पर्धेतली खरी मेख मला इथे दिसते. इंचाला पाचशे-सहाशे पिक्सेलवाला फोन लाखाच्या घरात जातो. तेवढे पैसे बिनधास्त टाकायची ऐपत साधारण कधी येते? घराचे हप्ते उतरणीला लागले, मुलांची कॉलेजं आटोक्यात आली की. म्हणजे पैसे हातात यायला आणि जवळचं दिसेनासं व्हायला एकच मुहूर्त. ज्याच्या डोळ्यांत ते पिक्सेल टिपायची ताकद आहे त्या कॉलेजच्या पोराकडे दहा हजारांचा फोन, तोही कोपऱ्यात तडकलेला. आणि ज्याच्याकडे सव्वा लाखाचा आहे ते साहेब अक्षरं सगळ्यात मोठ्या आकाराची करून, चष्मा पुसून, हात लांब करून 'हॅपी बर्थडे'तला शेवटचा 'डे' शोधत असतात. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या स्क्रीनवर एका वेळी चार शब्द मावतात. बाराखडी शिकवायच्या तक्त्यावरही याहून जास्त मजकूर असतो. त्यांच्या फोनचा एकेक 'म' हजारो पिक्सेल खातो. रिझोल्यूशन वाया जातंय असं मात्र कोणी म्हणू नये. त्यांचा 'म' फार देखणा दिसतो.

शर्यतीच्या ऐन भरातली वर्षं म्हणजे २०१३ ते २०१५. एचटीसीने वन आणला, इंचाला ४६८. त्याच सुमाराला सॅमसंगचा गॅलॅक्सी एस४ आला, ४४१. पुढच्या वर्षी एलजीने जी३ काढून आडव्या १,४४० आणि उभ्या २,५६० ठिपक्यांनी साडेपाच इंच भरून टाकले, ५३८. त्याच्या पुढच्या वर्षी गॅलॅक्सी एस६, ५७७. या सगळ्या काळात आयफोन आपल्या ३२६ला चिकटून बसला होता, मोठ्या प्लसचा अपवाद सोडला तर. आपल्याकडे मायक्रोमॅक्सच्या कॅनव्हास एचडीने २०१३ मध्ये चौदा हजारांच्या आत पाच इंची एचडी दिली आणि गल्लोगल्लीच्या दुकानांबाहेर फलक लागले. तीन वर्षांत रेडमी नोट ३ने फुल एचडी दहा हजारांच्या आत आणून ठेवली. कालपर्यंत साहेबलोकांची मिरवायची गोष्ट आज डिलिव्हरीवाल्याच्या खिशात आली. मला तरी या सगळ्या शर्यतीतली सर्वांत चांगली गोष्ट हीच वाटते.

या काळात नावांनी जो गोंधळ घातला तो वेगळाच. एक 'क्यूएचडी' म्हणजे फुल एचडीचा पाव हिस्सा. दुसरी 'क्यूएचडी' म्हणजे एचडीच्या चौपट. फरक एवढाच की इंग्रजीत पहिलीचा क्यू लहान लिपीतला आणि दुसरीचा मोठ्या. आपल्या देवनागरीत लहान-मोठ्याची भानगड नाही, त्यामुळे दुकानदाराने तोंडाने 'क्यूएचडी आहे साहेब' म्हटलं की पाव घरी येणार की चौपट, हे त्याच्या आणि परमेश्वराच्या हातात.

आणि ठिपके तरी सगळ्यांचे सारखे कुठे असतात! एका पूर्ण पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन कप्पे असावेत अशी रीत. सॅमसंगने बऱ्याच फोनांत पेनटाइल नावाची मांडणी वापरली. तीत प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला दोनच कप्पे. हिरवा ज्याचा त्याला स्वतंत्र, लाल आणि निळा शेजाऱ्याशी सामायिक. २०११च्या एस२ला तिन्ही कप्पे दिले, स्क्रीनच्या नावापुढे 'प्लस' लावून त्याचा गाजावाजा केला, आणि २०१२च्या एस३ला पुन्हा सामायिकवर आले. कारण विचारलं तर कंपनीने सांगितलं की निळा कप्पा सर्वांत लवकर थकतो, म्हणून ही मांडणी जास्त टिकते. या मुद्द्यावर जगभर माणसं भिंगं घेऊन बसली होती. भाचा त्यांतलाच. शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या भिंगाखाली त्याने मला माझ्याच फोनवरचा 'अ' दाखवला होता. कडा खरंच झालरीसारख्या, लाल-हिरव्या. बघून मी चकित झालो हे खरं. भिंग बाजूला केल्यावर तो पुन्हा साधा 'अ' झाला आणि मी मेसेज वाचायला लागलो, हेही तितकंच खरं.

स्वतः कंपन्यांना हे सगळं ठाऊक असणार. २०१७च्या गॅलॅक्सी एस८ला २,९६० बाय १,४४०ची स्क्रीन होती, पण कारखान्यातून निघताना ती २,२२० बाय १,०८०वर बसवलेली असायची. वरचे पिक्सेल हवे असतील तर सेटिंगमध्ये जाऊन आपणच चालू करायचे. बॅटरी वाचावी, फोनवर ताण पडू नये, म्हणून ही व्यवस्था. पैसे मोजले पूर्ण खोल्यांचे, पण राहतं घर पुढच्या दोन खोल्यांतच! सोनीच्या त्या झेड५ प्रीमियमचीही तीच तऱ्हा. मेनू, मेसेज, बाकी सगळं फुल एचडीत चालायचं आणि फोटो-व्हिडिओ बघताना तेवढं पूर्ण फोर-केचं दालन उघडायचं.

भाच्याच्या हल्लीच्या फोनलाही अशी सोय आहे. ती त्याने अर्थातच कमाल दर्जावर ठेवली होती. एका रविवारी त्याने सहलीचे फोटो बघायला फोन माझ्या हातात दिला, तेव्हा मी सेटिंगमध्ये जाऊन एक पायरी खाली आणली आणि फोटोंची तारीफ करून फोन परत केला. त्याच संध्याकाळी तो बाहेर पाहुण्यांना तीच स्क्रीन दाखवून म्हणत होता, "बघा, झूम करा, कुठे फाटतंय का?" कुठेच फाटत नव्हतं. गणपतीपर्यंत फाटलं नाही. मी अजून त्याला सांगितलेलं नाही. आता त्याला हे वाचून कळेल, तेव्हा सणासुदीला थोडी खेचाखेच होईल.

पण त्याला तरी नावं का ठेवा? आपण त्या काचेवर बघतो काय याचा विचार केला तर सगळ्यांचीच पंचाईत आहे. कुटुंबाच्या ग्रुपवरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप पाठवतानाच दाबून लहान करतं. एचडी पाठवायची सोय २०२३ मध्ये आली खरी, पण ती वापरणारा नातेवाईक मला अजून भेटायचाय. तोच फोटो कोणीतरी स्क्रीनशॉट काढून पुढे ढकलतो, त्याचा पुन्हा स्क्रीनशॉट निघतो, आणि आपल्याकडे पोचेपर्यंत त्यातल्या नवरदेवाला फेट्यावरून ओळखावं लागतं. सकाळच्या गुलाबाच्या पाकळ्यांचे चौकोन मोजता येतात. असल्या गुलाबासाठी इंचाला पाचशे पिक्सेल बाळगणं म्हणजे सोनाराच्या काट्यावर बटाटे तोलणं.

आणि फरक पडला असता तर तो एकदा सगळ्या देशाला पडायला हवा होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, घरोघरी इंटरनेटवर ताण आला, तेव्हा मोठमोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी भारतात मोबाइल नेटवर्कवर ४८०च्या वरचा दर्जा काही काळ द्यायचाच नाही असं ठरवलं. म्हणजे देशातल्या यच्चयावत फुल एचडी आणि वरच्या फोनांवर एकाच वेळी जुन्या जमान्याचं चित्र. लोकांनी त्या दिवसांत पीठ मिळत नाही, केस कापायला कोणी नाही, शेजारी शिंकतोय, अशा सगळ्या तक्रारी केल्या. स्क्रीनचे पिक्सेल गेले अशी तक्रार करणारा आमच्या सोसायटीत एकच निघाला, आणि तो कोण हे सांगायला नको. त्याच आठवड्यात दूरदर्शनने १९८७ची 'रामायण' मालिका पुन्हा लावली. तीत तर मुळातच जुन्या टीव्हीच्या मोजक्या ओळी. घरात बसलेला भाचा पहिल्या दिवशी "किती ब्लर आहे!" म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी नऊच्या आधी सोफ्यावरची जागा धरून बसला.

डिस्प्लेची किंमत कळते ती दुकानात नव्हे, दुरुस्तीच्या टेबलापाशी. पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास अशी टेबलं पुष्कळ. माझा फोन हातातून निसटून जिन्याच्या पायऱ्या मोजत खाली गेला, तेव्हा मी एका टेबलापाशी गेलो. दोन माणसांना उभं राहता येईल एवढी जागा, गरम हवेचा पाइप, चिमटे, आणि प्लॅस्टिकच्या डब्यांत पिनांएवढे स्क्रू. पोरगा फार तर बावीसचा. त्याने फोन न उघडताच निदान केलं.

"फोल्डर गेलंय काका. कॉम्बो टाकावा लागेल. ओरिजिनल साडेआठ, कॉपी तीन हजार."

"दोन्हींत फरक काय?"

"ओरिजिनलला कलर येतो."

"आणि कॉपीला?"

"कॉपीलाही येतो," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "पण ओरिजिनलला जास्त येतो."

रिझोल्यूशनबद्दल मी विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या चष्म्याकडे पाहिलं, आणि सौजन्याने उत्तर टाळलं. सहा वर्षांच्या जगभरच्या शर्यतीवरचं इतकं नेमकं भाष्य मी दुसरीकडे वाचलेलं नाही. मी तीन हजारांची टाकली. वर त्याने शंभर रुपयांची टफन ग्लास बसवली, तिच्या खालच्या कोपऱ्यात एक बुडबुडा राहिला, तो कार्डाने दाबून दाबून काठाला नेला आणि तिथेच सोडला. "दोन दिवसांत जाईल." तो बुडबुडा अजून आहे. कंपन्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली रचलेले पिक्सेल आपण बुडबुड्याच्या, ओरखड्यांच्या आणि वडापावाच्या तेलाच्या थरातून बघतो. काही जण तर शेजाऱ्याला दिसू नये म्हणून काळपट प्रायव्हसी ग्लास लावतात. ती शेजाऱ्याला दिसू देत नाही, आणि उन्हात मालकालाही नाही.

एवढी थट्टा केल्यावर एका ठिकाणी मात्र मला पिक्सेलवाल्यांची बाजू घेतली पाहिजे, आणि तीही अशा कारणासाठी की जे त्यांच्या भांडणात कधी आलंच नाही. रोमन लिपीचं मोठं अक्षर ५ बाय ७ ठिपक्यांच्या चौकटीत बसतं. जुने डिस्प्ले असल्याच चौकटींचे असायचे. आपल्या लिपीचं तसं भागत नाही. मधे अक्षर, वर शिरोरेघ, तिच्याही वर वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. 'कार्यकर्त्यांनी' हा शब्द घ्या. राजकीय बातमीत दिवसातून दहा वेळा येतो. त्यातल्या 'र्त्यां'वर रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि त्यांच्याखाली अर्धा 'त' 'य'ला टेकलेला. 'राष्ट्र'मधे तीन अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर. हे सगळं पाच बाय सातमध्ये बसवायचं म्हणजे लग्नाचं वऱ्हाड रिक्षात बसवण्यातला प्रकार. बसतं, पण कोण कोण आलंय ते सांगता येत नाही.

आणि आपल्याकडे एक ठिपका फार मोठी कामं करतो. "अण्णांचा फोन होता, त्यांचं जेवण झालंय" यातला 'त्यां'वरचा अनुस्वार स्क्रीनने गिळला की "त्याचं जेवण झालंय" होतं आणि पंच्याहत्तरीचे अण्णा एका पिक्सेलपायी पाळण्यात जातात. सासरच्या मंडळींना पाठवलेल्या निरोपात असे अण्णा पाळण्यात गेलेले मी पाहिलेत, आणि ते मेसेज पाठवणाऱ्या सुनेला फार महागात पडलेले पाहिलेत. सुरुवातीच्या स्मार्टफोनवर तर देवनागरीच्या जागी नुसते रिकामे चौकोन यायचे, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला पडायची आणि जोडाक्षरं पाय मोडून अस्ताव्यस्त बसायची. तो दोष पिक्सेलचा नव्हता, सॉफ्टवेअरचा होता. पण सॉफ्टवेअर सुधारल्यावर रफार आणि अनुस्वार वेगवेगळे उभे राहिले ते या वाढलेल्या ठिपक्यांच्या जिवावर. ३२६ की ४४१ हे भांडण ज्यांचं होतं त्यांचं होतं. आपल्याला त्यातून 'कार्यकर्त्यांनी' स्वच्छ वाचता आलं. कार्यकर्त्यांनी पुढे काय केलं ते वाचून दरवेळी आनंद होतोच असं नाही, तो भाग निराळा.

बाकी ती शर्यत आता थंडावलीय. २०१८ मध्ये ॲपलने आयफोन एक्सआर काढला, त्यात पुन्हा इंचाला ३२६, फुल एचडीपेक्षाही कमी. जाणकारांनी एवढ्या किमतीला ही स्क्रीन म्हणून नाकं मुरडली आणि गिऱ्हाइकांनी तो पोत्याने नेला. फोर-के फोनचा हट्ट इतकी वर्षं धरून बसलेल्या सोनीने २०२४च्या एक्सपिरिया १ च्या सहाव्या आवृत्तीत तो निमूटपणे सोडला आणि फुल एचडी प्लसवर आली. इंचाला ५३८ देणाऱ्या एलजीने तर त्याआधीच, २०२१ मध्ये, फोनचा धंदाच बंद केला. भांडायला लोकांना आता दुसरे आकडे मिळालेत. स्क्रीन सेकंदाला किती वेळा ताजी होते, साठ, नव्वद की एकशे वीस. उन्हात किती उजळते, हजार निट की तीन हजार. भाच्याने या नव्या विषयांतही चांगली गती मिळवलीय. मध्यंतरी तो मला १२० आणि १४४ यांतला फरक दाखवत होता. दोन्ही फोनवर अंगठ्याने यादी वरखाली करत होता. मी दोन्हींकडे बघून "हो हो, हा जास्त सुळसुळीत आहे" म्हणालो. "तो नव्हे, हा," तो म्हणाला. मी म्हटलं, "हाच म्हणत होतो."

गेल्या महिन्यात आमच्या आत्याला नवा फोन घ्यायची वेळ आली. वय ऐंशीच्या पुढे, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली, आणि नियमाप्रमाणे सल्लागार हजर. त्याने तिच्यापुढे दोन फोन ठेवले, एक साधा एचडी प्लस आणि एक फुल एचडी प्लस, आणि सुरुवात केली, "आत्याआजी, याचे इंचाला दोनशे सत्तर, याचे चारशे. फरक बघ." आत्याने दोन्ही फोन बाजूला सारले आणि उशाखालून गोळ्यांची पट्टी काढली. या पट्टीमागची तारीख तिला वाचता येत नाही, म्हणून ती फोनने तिचा फोटो काढते आणि मग तो मोठा करून वाचते. भिंगापेक्षा हे बरं पडतं, हात कापला तरी चालतं. तिने दोन्ही फोनांनी फोटो काढायला लावले. चंदेरी कागदावर ठसा मारलेली ती तारीख, अर्धी घडीत गेलेली. एचडी प्लसवर मोठी केली तर आकड्यांचा चुरा झाला. फुल एचडी प्लसवर महिना आणि वर्ष दोन्ही लख्ख उठले.

भाचा उभाच राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याला जिवंत पुरावा दिला होता. "बघ! बघ आत्याआजी, म्हणूनच मी म्हणतो रिझोल्यूशन पाहिजे! अजून वरचा घेतला तर याहून स्वच्छ दिसेल."

आत्याने फोन लांब धरून तारीख पुन्हा वाचली. गोळ्यांची मुदत मार्चमध्येच संपली होती.

"पुढच्या मार्चची दिसेल का रे?" तिने विचारलं. "तीनशे ऐंशीची पट्टी आहे."